नाराज क्वार्टरबॅक विकायचा कितीला? जे कटलरच्या ट्रेडची गोष्ट आणि अमेरिकन फुटबॉलमधल्या सौदेबाजीचं गणित

आयपीएलमध्ये एखादा मोठा खेळाडू टीमवर नाराज असल्याची बातमी आली की पुढचे काही दिवस आपल्या मोबाइलवर काय होतं, हे वेगळं सांगायला नको. "त्याला आपल्याकडे आणा", "त्याच्या बदल्यात ह्याला द्या", "एवढे पैसे? डोकं ठिकाणावर आहे का?" प्रत्येक चाहता त्या दिवसांत टीमचा मॅनेजर झालेला असतो.

अमेरिकेत हे सगळं कित्येक पटींनी मोठ्या प्रमाणावर चालतं. तिथला सगळ्यात लोकप्रिय खेळ म्हणजे अमेरिकन फुटबॉल आणि त्यातली सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे क्वार्टरबॅक. हा क्वार्टरबॅकच रुसून बसला आणि "मला दुसऱ्या टीमकडे पाठवा" म्हणाला, तर अख्ख्या शहराची झोप उडते.

असंच एक नाट्य २००९ साली डेन्व्हरमध्ये रंगलं. खेळाडूचं नाव जे कटलर. फेब्रुवारीच्या शेवटी सुरू झालेलं भांडण २ एप्रिलला ट्रेड होऊन संपलं. त्या पाच आठवड्यांत डेन्व्हर, शिकागो, डेट्रॉइट आणि वॉशिंग्टनच्या चाहत्यांनी सौद्याची जी गणितं मांडली, तीच गणितं आजही प्रत्येक नाराज क्वार्टरबॅकच्या वेळी मांडली जातात. म्हणून हे प्रकरण नीट समजून घेतलं की पुढची सगळी प्रकरणं समजतात.

आधी हे सांगा, क्वार्टरबॅक एवढा महत्त्वाचा का असतो?

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नाही. हेल्मेट घालून, अंडाकृती बॉल हातात घेऊन खेळला जातो तो हा खेळ. त्याची व्यावसायिक लीग म्हणजे एनएफएल. त्यात ३२ टीम्स आहेत.

आक्रमण करणाऱ्या टीमचा जवळपास प्रत्येक डाव क्वार्टरबॅकच्या हातातून सुरू होतो. बॉल कुणाकडे फेकायचा, कुणाच्या हातात द्यायचा की स्वतः घेऊन पळायचं, हे तो काही सेकंदांत ठरवतो. समोरून शंभर-सव्वाशे किलोंचे खेळाडू त्याला आडवं करायला धावत असतात, तेव्हा. क्रिकेटमध्ये कॅप्टन, विकेटकीपर आणि फिनिशर असे तीन रोल एकाच माणसाला दिले, तर जसं होईल तसं काहीसं.

जगात हे काम खरोखर उत्तम करू शकणारी माणसं कोणत्याही एका वेळी दहा-बारापेक्षा जास्त नसतात आणि टीम्स आहेत ३२. म्हणजे दरवर्षी निम्म्याहून जास्त टीम्स "आम्हाला चांगला क्वार्टरबॅक मिळेल का?" या शोधात असतात. सगळं घोडं इथंच अडतं. ज्याच्याकडे चांगला क्वार्टरबॅक आहे, तो त्याला सहसा सोडत नाही. सोडलाच, तर त्याच्या मागे काहीतरी बिनसलेलं असतं.

डेन्व्हरमध्ये बिनसलं काय होतं?

डेन्व्हर ब्रॉन्कोजने २००६ च्या ड्राफ्टमध्ये ११ व्या नंबरवर कटलरला निवडलं. तगडा हात, लांब आणि वेगवान थ्रो ही त्याची ओळख. २००८ च्या सुरुवातीला त्याला टाइप १ डायबिटीस असल्याचं निदान झालं. तरीही इन्सुलिन घेत, साखर मोजत तो त्या सिझनला सगळ्या १६ मॅच खेळला. त्याने ४,५२६ यार्ड पासिंग केलं आणि लीगच्या ऑल-स्टार मॅचसाठी, म्हणजे प्रो बोलसाठी त्याची निवड झाली. वय होतं २५.

वैयक्तिक आकडे झकास होते, पण टीमचं गाडं घसरलं. ८ विजय आणि ५ पराभव अशा भक्कम स्थितीतून डेन्व्हर शेवटच्या तिन्ही मॅच हरलं आणि प्लेऑफबाहेर फेकलं गेलं. मालक पॅट बोलन यांनी तडकाफडकी निर्णय घेतला. १४ सिझन टीम सांभाळणारे, दोन सुपर बोल जिंकून देणारे कोच माइक शॅनाहन यांना काढून टाकलं. ज्या कोचने कटलरला निवडलं आणि घडवलं, तोच गेला.

त्यांच्या जागी आले जॉश मॅकडॅनियल्स. वय ३२. न्यू इंग्लंड पेट्रियट्समध्ये ते आक्रमणाचे कोच होते. तिथे २००८ च्या पहिल्याच मॅचमध्ये टॉम ब्रेडी जखमी झाला, तेव्हा मॅट कॅसल या राखीव क्वार्टरबॅकला हाताशी धरून त्यांनी ११ मॅच जिंकून दाखवल्या होत्या.

आता झालं असं की फेब्रुवारी २००९ च्या शेवटी पेट्रियट्सने या कॅसलला ट्रेडवर सोडलं. तो गेला कॅन्सस सिटी चीफ्सकडे. पण त्याच वेळी बातमी फुटली की डेन्व्हरनेही कॅसलसाठी बोलणी केली होती आणि त्या बोलण्यांमध्ये कटलरला दुसरीकडे पाठवायचा विषय होता.

कटलरला हे बातम्यांमधून कळलं. नव्या कोचचा आपल्यावर भरवसा नाही, असं त्याने मनाशी पक्कं केलं. टीमचं म्हणणं होतं की दुसऱ्या टीम्सकडून विचारणा आली आणि आम्ही फक्त ऐकून घेतलं. कटलरचं म्हणणं होतं की हे मला आधी का सांगितलं नाही?

समेटासाठी मार्चच्या मध्यावर दोघं समोरासमोर बसले. तिथून बाहेर पडताना अंतर आणखी वाढलं होतं. कटलरने अधिकृतपणे ट्रेड मागितला आणि टीमच्या सरावाकडे पाठ फिरवली. ३१ मार्चला मालक बोलन यांनी जाहीर केलं की कटलर दहा दिवस आपल्या आणि कोचच्या फोनला उत्तर देत नाही, त्यामुळे त्याला ट्रेड करायचं ठरलं आहे. दोनच दिवसांत सौदा झाला.

चूक कुणाची? चाहते दोन गटांत का विभागले?

डेन्व्हरमध्ये घरोघरी हाच वाद होता.

एका गटाचं म्हणणं साधं होतं. लाखो डॉलर पगार घेतोस, अजून करार शिल्लक आहे, मग बॉसचा फोन उचल. प्रत्येक खेळाडूच्या नावाची कधी ना कधी चर्चा होतेच. त्यावरून लहान मुलासारखं रुसून बसायचं नसतं.

दुसऱ्या गटाचा सवाल होता की टीम जेव्हा खेळाडूला विकते, तेव्हा त्याला "हा धंदा आहे" म्हणतात. खेळाडूने तोच न्याय टीमला लावला की तो लगेच गद्दार कसा होतो? पंचविशीतला, गेली तीन वर्षं टीमसाठी हाडं मोडून घेणारा पोरगा. नव्या बॉसने येताच महिनाभरात त्याची जागा दुसऱ्याला द्यायचा विचार केला, तर त्याला वाईट वाटणार नाही का?

दोन्ही बाजूंमध्ये तथ्य होतं. एनएफएलमध्ये बहुतेक करारांमधली संपूर्ण रक्कम खात्रीची नसते. टीम खेळाडूला मुदतीआधी मोकळं करू शकते. खेळाडूला मात्र मुदतीआधी निघून जाता येत नाही. सराव शिबिराला गैरहजर राहिला तर दंड बसतो. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेत २०२० साली झालेल्या करारानुसार अनुभवी खेळाडूंसाठी हा दंड दिवसाला ५० हजार डॉलर इतका आहे. म्हणजे तराजू मुळातच टीमच्या बाजूने झुकलेला. नाराजी उघडपणे बोलून दाखवणं हे खेळाडूच्या हातातल्या मोजक्या शस्त्रांपैकी एक असतं.

मग बोली कशी लागते? पैसे देऊन खेळाडू विकत घेता येतो का?

नाही. इथेच आयपीएल किंवा युरोपातल्या फुटबॉलपेक्षा एनएफएल वेगळी पडते. युरोपात एक क्लब दुसऱ्याला कोट्यवधी युरो देऊन खेळाडू उचलतो. आयपीएलमध्येही पूर्ण रोख रकमेवर ट्रेड होतो. एनएफएलमध्ये मात्र खेळाडूच्या बदल्यात द्यायचा असतो दुसरा खेळाडू किंवा ड्राफ्ट पिक.

ड्राफ्ट पिक म्हणजे काय? दरवर्षी एप्रिलमध्ये कॉलेजमधून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची निवड होते, त्याला ड्राफ्ट म्हणतात. एकूण ७ फेऱ्या. आदल्या सिझनला सगळ्यात वाईट खेळलेल्या टीमला पहिला नंबर, विजेत्याला शेवटचा. हा निवडीचा नंबर म्हणजे पिक. तो टीमची मालमत्ता असतो आणि विकता येतो. यंदाचाच नाही, तर पुढच्या वर्षांचाही.

त्यामुळे क्वार्टरबॅकसाठी बोली लावणं म्हणजे आपलं भविष्य गहाण ठेवणं. दोन पहिल्या फेरीची पिक्स दिली, म्हणजे पुढची दोन वर्षं तुमच्या टीममध्ये येऊ शकणारे दोन उत्तम तरुण खेळाडू दुसऱ्याच्या दारात गेले.

कोणत्या पिकची किंमत किती, हे ठरवतं कोण?

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइज टीमने यावर एक तोडगा काढला. कोच जिमी जॉन्सन यांच्या काळात टीमच्या व्यवस्थापनातल्या माइक मॅककॉय यांनी एक तक्ता बनवला. प्रत्येक पिकला गुण दिले. पुढे हा तक्ता इतर टीम्सकडे पोहोचला आणि चाहत्यांच्याही हाती लागला. त्यातले काही गुण असे:

- पहिलं पिक: ३,००० गुण
- दुसरं पिक: २,६०० गुण
- दहावं पिक: १,३०० गुण
- अठरावं पिक: ९०० गुण
- पहिल्या फेरीतलं शेवटचं, म्हणजे ३२ वं पिक: ५९० गुण

हा काही नियम नाही. नंतर अभ्यासकांनी दाखवून दिलं की हा तक्ता सुरुवातीच्या पिक्सना गरजेपेक्षा जास्त भाव देतो, आणि आज टीम्स आपापले वेगळे तक्ते वापरतात. पण वाद घालायला हातात काहीतरी आकडा लागतो. तो आकडा या तक्त्याने दिला.

पुढच्या वर्षीच्या पिकचं काय? तिथे उधारीचा नियम लागतो. आज मिळणारा रुपया उद्याच्या रुपयापेक्षा मोठा. त्यामुळे पुढच्या वर्षीच्या पहिल्या फेरीच्या पिकला यंदाच्या दुसऱ्या फेरीइतकी किंमत द्यायची, असा एक ठोकताळा आहे.

कटलरसाठी कोण काय देऊ शकत होतं?

चर्चेत अनेक नावं होती. त्यातल्या तीन टीम्सकडे पाहिलं की वेगवेगळ्या प्रकारच्या ऑफर कशा असतात, ते कळतं.

डेट्रॉइट लायन्स २००८ मध्ये १६ पैकी १६ मॅच हरले होते. त्यामुळे त्यांच्याकडे ड्राफ्टचं पहिलं पिक होतं. शिवाय २० वं आणि ३३ वंही होतं. चाहत्यांचा वाद असा की २० आणि ३३ देऊन कटलर आणावा आणि पहिलं पिक दुसऱ्या कुणावर वापरावं, की पहिल्या पिकवर नवा क्वार्टरबॅक घेऊन कोरी पाटी सुरू करावी?

वॉशिंग्टनकडे १३ वं पिक होतं आणि जेसन कॅम्पबेल हा क्वार्टरबॅक होता. मोठी नावं खरेदी करण्याची हौस असलेला मालक होता. अडचण एवढीच की कॅम्पबेल त्या वेळी टीममध्येच होता आणि आपली जागा धोक्यात असल्याच्या बातम्या रोज वाचत होता. एक नाराज क्वार्टरबॅक आणण्याच्या नादात दुसरा नाराज होतो, तो असा.

शिकागो बेअर्सकडे १८ वं पिक होतं आणि काइल ऑर्टन हा क्वार्टरबॅक होता. ऑर्टनचे आकडे डोळे दिपवणारे नव्हते, पण शिकागोसाठी त्याने सुरुवात केलेल्या मॅचपैकी २१ जिंकल्या आणि १२ हरल्या होत्या. गंमत बघा, डेन्व्हरमध्ये कटलरचा हाच हिशेब १७ विजय आणि २० पराभव असा होता.

झालं, वादाला तोंड फुटलं. "जिंकणारा सोडून हरणारा घ्यायचा, वर दोन पिक्स द्यायची, हा कुठला शहाणपणा?" असा एक सूर. त्यावर उत्तर असं की ऑर्टनच्या मागे शिकागोचा दणकट बचाव होता, तर कटलरच्या मागे डेन्व्हरचा गळका. मॅच टीम जिंकते, एकटा क्वार्टरबॅक नाही.

दोन्ही बाजू आकडेच दाखवत होत्या. आकडे खोटे नव्हते, फक्त प्रत्येकाने आपल्या सोयीचे उचलले होते.

शेवटी सौदा काय झाला?

२ एप्रिल २००९ रोजी ठरलं ते असं.

शिकागोला मिळालं: जे कटलर आणि २००९ च्या पाचव्या फेरीतलं १४० वं पिक.

डेन्व्हरला मिळालं: काइल ऑर्टन, २००९ चं १८ वं आणि ८४ वं पिक, आणि २०१० चं पहिल्या फेरीचं पिक.

तक्त्यावर मांडून पाहू. १८ व्याचे ९०० आणि ८४ व्याचे १७०, मिळून १,०७०. त्यातून १४० व्याचे साधारण ३६ वजा केले की उरले १,०३४. आता २०१० चं पिक. ते पहिल्या फेरीच्या मध्यावरचं धरलं तर १,००० गुण, उधारीचा ठोकताळा लावून दुसऱ्या फेरीच्या मध्यावरचं धरलं तर ४२० च्या आसपास.

म्हणजे कटलरची किंमत साधारण १,४५० ते २,०३० गुण, अधिक ऑर्टन. १,४५० म्हणजे सातव्या-आठव्या पिकएवढे, तर २,०३० म्हणजे तिसऱ्या-चौथ्या पिकच्या मधले. एकाच सौद्याची दोन उत्तरं, दोन्ही बरोबर. "लुटलं" म्हणणारेही याच तक्त्यावर बोट ठेवत होते आणि "स्वस्तात मिळाला" म्हणणारेही.

शिकागोमध्ये त्या दिवशी दिवाळी होती. त्याला कारणही होतं. बेअर्सचा शेवटचा महान क्वार्टरबॅक सिड लकमन १९४० च्या दशकात खेळून गेला होता. एका सिझनमध्ये ४,००० यार्ड पासिंग करणारा क्वार्टरबॅक या टीमला तोवर एकदाही लाभला नव्हता. तेवढे आणि त्याहून जास्त यार्ड नुकतेच केलेला तरुण त्यांच्या दारात चालून आला होता.

पुढे काय झालं? सौदा कुणी जिंकला?

ट्रेडच्या दिवशी लागणारा निकाल आणि पाच वर्षांनी लागणारा निकाल यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. इथेही तेच झालं.

२००९ च्या सिझनआधी एका सराव मॅचसाठी कटलर डेन्व्हरला आला, तेव्हा काही महिन्यांपूर्वी त्याच्या नावाची जर्सी घालणाऱ्या प्रेक्षकांनीच त्याची हुर्यो उडवली. मग सिझन सुरू झाला. डेन्व्हर ऑर्टनला घेऊन पहिल्या सहाच्या सहा मॅच जिंकलं. मॅकडॅनियल्स हीरो. शिकागोत कटलरने २६ इंटरसेप्शन दिल्या, म्हणजे २६ वेळा त्याचा थ्रो विरोधकांनी झेलला. लीगमध्ये त्या वर्षी सगळ्यात जास्त. शिकागोचा हिशेब ७ विजय, ९ पराभव. डेन्व्हरचे चाहते खूश.

पण सिझन संपेपर्यंत डेन्व्हरही घसरून ८-८ वर आलं. पुढच्या वर्षी तर ४ विजय आणि १२ पराभव. डिसेंबर २०१० मध्ये मॅकडॅनियल्स यांची हकालपट्टी झाली. ज्या कोचसाठी टीमने क्वार्टरबॅक सोडला, तो कोच दोन सिझनही पूर्ण करू शकला नाही.

त्याच वर्षी कटलरची टीम ११ मॅच जिंकून सुपर बोलपासून एक पाऊल दूर होती. जानेवारी २०११ मध्ये ग्रीन बे पॅकर्सविरुद्धच्या त्या मॅचमध्ये त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट दुखावला आणि त्याला बाहेर बसावं लागलं. मॅच सुरू असतानाच इतर टीम्सच्या काही खेळाडूंनी ट्विटरवर त्याच्या हिमतीवर शंका घेतली. शिकागोत काही चाहत्यांनी त्याच्या जर्सी जाळल्या. तपासणीत दुखापत खरी निघाली, पण तोवर डाग लागला होता. "डेन्व्हरमधून रुसून आलेला पोरगा" ही ओळख त्याच्या आड आली. एखाद्या खेळाडूबद्दल मत एकदा बनलं की पुढची प्रत्येक गोष्ट लोक त्याच चष्म्यातून बघतात.

कटलर शिकागोत आठ सिझन खेळला. गेला तेव्हा टीमच्या इतिहासातले सर्वाधिक पासिंग यार्ड आणि टचडाउन पास त्याच्या नावावर होते. सुपर बोल मात्र नाही.

आणि डेन्व्हरला मिळालेल्या पिक्सचं काय? १८ व्या पिकवर त्यांनी रॉबर्ट एअर्स हा बचावपटू घेतला. ठीकठाक खेळला. ८४ वं पिक त्यांनी पिट्सबर्गला देऊन वरच्या नंबरवर उडी मारली आणि रिचर्ड क्विन हा खेळाडू घेतला, जो फारसा चमकलाच नाही. पिट्सबर्गने त्याच ८४ व्या पिकवर घेतलेला माइक वॉलेस मात्र पुढे लीगमधल्या सगळ्यात वेगवान आणि धोकादायक रिसीव्हर्सपैकी एक ठरला. २०१० चं पिक ११ व्या नंबरचं निघालं. डेन्व्हरने ते फिरवत-फिरवत खाली सरकवलं आणि त्या उलाढालींतून त्या वर्षी डेमारियस थॉमस आणि टिम टिबो हे दोघं पदरात पाडून घेतले. जानेवारी २०१२ मध्ये याच टिबोने थॉमसला दिलेल्या ८० यार्डांच्या पासवर डेन्व्हरने प्लेऑफची मॅच जिंकली. समोर होतं तेच पिट्सबर्ग.

थोडक्यात, पिक मिळणं म्हणजे लॉटरीचं तिकीट मिळणं. तिकिटाची किंमत तक्त्यात लिहिलेली असते. बक्षीस लागेल की नाही, ते तक्ता सांगत नाही.

असं आधी आणि नंतरही झालंय का?

भरपूर वेळा. आणि प्रत्येक वेळी वेगळा धडा मिळाला.

- जॉन एलवे, १९८३: बाल्टिमोर कोल्ट्सने पहिल्या नंबरवर निवडलं, पण त्याला तिथे खेळायचंच नव्हतं. "मी बेसबॉल खेळेन" अशी तंबी दिली. कोल्ट्सने त्याला डेन्व्हरकडे पाठवलं. तिथे तो १६ सिझन खेळला आणि दोन सुपर बोल जिंकला. खेळाडूकडे खरा पर्याय असेल तर पारडं फिरतं.

- कार्सन पामर, २०११: सिनसिनाटीने ट्रेड नाकारला तेव्हा हा घरी बसला. मालकाने मागे हटायला साफ नकार दिला. ऑक्टोबरमध्ये ओकलंडचा क्वार्टरबॅक जखमी झाला आणि गरजवंताला अक्कल नसते, तसं झालं. ओकलंडने एक पहिल्या फेरीचं आणि एक दुसऱ्या फेरीचं पिक देऊन टाकलं. थांबणाऱ्या विक्रेत्याला भाव मिळाला.

- रसेल विल्सन, २०२२: सिॲटलने त्याला डेन्व्हरला दिलं. बदल्यात दोन पहिल्या फेरीची आणि दोन दुसऱ्या फेरीची पिक्स, एक पाचव्या फेरीचं पिक आणि तीन खेळाडू घेतले. डेन्व्हर पहिल्याच वर्षी ५ विजय आणि १२ पराभवांवर आपटलं. २०२४ मध्ये त्याला मोकळं केलं. मोठं नाव आणि आजचा फॉर्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

- डेशॉन वॉटसन, २०२२: ह्यूस्टनवर नाराज होऊन याने ट्रेड मागितला. मग २० पेक्षा जास्त महिलांनी त्याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे दाखल केले. तरीही क्लीव्हलंडने तीन पहिल्या फेरीची पिक्स मोजली आणि २३ कोटी डॉलरचा, पूर्णपणे खात्रीचा करार दिला. त्याच्यावर ११ मॅचची बंदी आणि ५० लाख डॉलरचा दंड लागला. अनेक चाहत्यांनी विचारलं की पिक्सचा हिशेब ठीक आहे, पण ज्या महिलांनी तक्रारी केल्या त्यांचा हिशेब कुठल्या तक्त्यात बसतो?

- ॲरन रॉजर्स, २०२३: ग्रीन बेने न्यूयॉर्क जेट्सला दिला. सौद्यात एक अट होती. त्याने त्या सिझनला टीमचे ६५ टक्के डाव खेळले, तर पुढच्या वर्षीचं दुसऱ्या फेरीचं पिक पहिल्या फेरीचं होणार. पहिल्याच मॅचमध्ये, चौथ्या डावातच त्याच्या टाचेचा स्नायूबंध तुटला आणि सिझन संपला. अट घालणारा वाचला.

पुढच्या वेळी वाद घालताना काय तपासायचं?

अशी बातमी पुन्हा येणार आहे. तेव्हा "कोण काय देईल" यावर मत बनवण्याआधी पाच प्रश्न विचारून बघा.

१. खरोखर घेणारे किती? एकच टीम इच्छुक असेल तर भाव पडतो. दोघांत चुरस लागली की चढतो. म्हणूनच एजंट बातम्या पेरतात आणि टीम्स "आम्हाला घाई नाही" म्हणतात.

२. करारात काय आहे? काही स्टार खेळाडूंना ट्रेड नाकारण्याचा हक्क असतो. वॉटसनकडे तो होता, त्यामुळे कुठे जायचं हे बऱ्याच अंशी त्यानेच ठरवलं.

३. विकणाऱ्याला पगाराचा फटका किती? एनएफएलमध्ये पगारावर एकूण मर्यादा असते. करार करताना दिलेला बोनस हिशेबात काही वर्षांवर पसरवलेला असतो. खेळाडू गेला की उरलेला भार टीमच्या खात्यावर येऊन पडतो. त्याला डेड मनी म्हणतात, म्हणजे जो खेळाडू टीममध्येच नाही त्याच्या नावाचा खर्च. विल्सनला सोडताना डेन्व्हरच्या डोक्यावर तो साडेआठ कोटी डॉलरचा होता, दोन वर्षांवर विभागलेला.

४. घड्याळ कुणाच्या विरोधात आहे? एप्रिलच्या ड्राफ्टनंतर यंदाची पिक्स वापरून संपलेली असतात. कटलरचा सौदा ड्राफ्टच्या तीन आठवडे आधी उरकला, तो उगाच नाही.

५. बदल्यात क्वार्टरबॅक कोण? पिक्स कितीही मिळोत, रविवारी मैदानात कुणीतरी उतरवावं लागतं. डेन्व्हरने ऑर्टन मागून घेतला तो यासाठीच.

आपल्याकडे याचा काय संबंध?

आयपीएलचे ट्रेड वाढले, तसे हे वाद आता आपल्याही ओळखीचे झालेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरात टायटन्समधून मुंबई इंडियन्समध्ये परतला आणि महिन्याभरात रोहित शर्माच्या जागी कॅप्टन झाला. २०२४ च्या सिझनमध्ये वानखेडेवर, म्हणजे घरच्याच मैदानावर, त्याची हुर्यो उडाली. टीम शेवटच्या नंबरवर राहिली. त्याच वर्षी जूनमध्ये भारताने टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकला तेव्हा फायनलची शेवटची ओव्हर हार्दिकनेच टाकली होती आणि मुंबईतल्या मिरवणुकीत त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये संजू सॅमसन राजस्थान रॉयल्समधून चेन्नईकडे गेला आणि बदल्यात रवींद्र जडेजा आणि सॅम करन राजस्थानकडे आले, तेव्हाही चाहत्यांमध्ये कटलरच्या वेळचेच प्रश्न होते. जास्त दिलं की कमी? निष्ठा कुणाची मोजायची, खेळाडूची की टीमची?

कटलरच्या गोष्टीत शेवटी लक्षात राहतं ते एवढंच की डेन्व्हर आणि शिकागो, दोन्हीकडच्या चाहत्यांनी त्या एप्रिलमध्ये जिंकल्याचा जल्लोष केला होता. कटलर असताना शिकागोला सुपर बोल मिळाला नाही. डेन्व्हरने २०१६ च्या फेब्रुवारीत सुपर बोल जिंकला, तो पेटन मॅनिंग या क्वार्टरबॅकला घेऊन. आणि मॅनिंगसाठी त्यांना एकही पिक द्यावं लागलं नव्हतं. त्याच्या जुन्या टीमने त्याला मोकळं केलं होतं. त्याने फक्त डेन्व्हरची निवड केली.